बसून मारलेल्या फेऱ्या

“हा मुलगा सगळ्यांत जास्त धावलाय, मामा,” मॅडम म्हणाल्या, आणि माझीच हजेरीवही माझ्याच बाकावर उघडून त्यांनी एका नावाखाली पेन्सिल टेकवली. “एकोणसाठ सकाळी, दर सकाळी पाच फेऱ्या. दोनशे पंच्याण्णव. आणि ताणाच्या प्रश्नावलीत सगळ्यांत वरचा आकडा पण याचाच. आता बोला.”

मी काय बोलणार? ज्या माणसाने तरुणपणी सर्कशीत अकरा दिवस तिकिटं फाडली आणि त्या अकरा दिवसांवर चाळीस वर्षं गोष्टी सांगितल्या, त्या माणसाने वहीत डोकं घातलं. मी नावाकडे पाहिलं. त्याच्यापुढे पाच-पाचचे आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे पानाच्या कडेपर्यंत गेले होते. माझी लाल पेन्सिल कुठे अडखळलेली नव्हती.

मॅडम आमच्या विद्यापीठात नव्या होत्या. मुलं त्यांना प्रश्नावलीबाई म्हणायची. झोप किती लागते, छाती धडधडते का, परीक्षेआधी पोटात कालवतं का, असे पन्नास प्रश्न छापलेले कागद त्या वर्षभर वाटत फिरत होत्या. एका बाजूला ते कागद आणि दुसऱ्या बाजूला माझी वही ठेवून त्यांना दाखवायचं होतं की, जो मैदानावर पाय हलवतो त्याच्या डोक्यावरचा ताण उतरतो. निघालं नेमकं उलटं. वहीप्रमाणे जे सगळ्यांत जास्त धावले होते, तेच रात्र रात्र जागे होते.

“सोमवारी समिती आहे,” मॅडम म्हणाल्या. पहिल्या वर्षाचा सकाळचा मैदानाचा तास बंद करून तिथे तीन मजली अभ्यासिका बांधायचं बऱ्याच जणांच्या मनात होतंच. त्यांना फक्त कुणाचातरी अभ्यासपूर्ण कागद हवा होता आणि तो आता मॅडमच्या हातून मिळणार होता. त्यांना स्वतःला ते पटत नव्हतं. पण आकडे म्हणजे आकडे. “तुम्ही या मुलाला रोज बघत होतात. काही वेगळं जाणवलं का?”

“चांगला मुलगा,” मी म्हणालो. “शांत.”

ते खरंच होतं. बसलेला माणूस शांतच असतो.

आता मी कोण आणि तो बसलेला का, हे सांगून टाकतो. मी मैदानावरचा मामा. धावपट्टीवर चुन्याच्या रेषा आखणं, जाळ्या शिवणं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची हजेरी घेणं ही माझी कामं. नियम असा की आठवड्याला दोन सकाळी प्रत्येकाने सहा वाजता यायचं, पाच फेऱ्या मारायच्या आणि बाकाशी येऊन वहीत आकडा लिहून घ्यायचा. वर्षाच्या साठ सकाळी. त्यातल्या पन्नास भरल्या नाहीत तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही.

मी आयुष्यात तोंडी खोटं पुष्कळ बोललोय. तरुणपणी मी एवढा जोरात धावायचो की माझी सावली दुसऱ्या दिवशी दुपारी धापा टाकत येऊन पोचायची, हे मी निदान हजार मुलांना सांगितलं असेल. त्याने कुणाचं वाईट झालं नाही. पण मी लेखी खोटं बोलायला लागलो ते असं: कुणी मुलगा रात्रभर जागून, डोळे लाल करून यायचा. मी म्हणायचो, बस रे जरा. तो बसायचा. बसला की मी गोष्ट काढायचो. गोष्ट रंगली की सात वाजायचे, आणि सात वाजले की मी त्याच्या नावापुढे पाच लिहायचो. त्याला वाटायचं मामा दयाळू आहे. मलाही तसंच वाटायचं. हळूहळू बोलबाला झाला. वर्षाच्या मध्यापर्यंत दोनशे तीस मुलांतली एकेचाळीस माझ्या बाकाभोवती गवतावर बसायला लागली. मामाकडे बसून फेऱ्या मारतात, असा शब्दच पडला होता. आणि बसणारी कोण? ज्यांना झोप नाही, ज्यांचा अभ्यास मागे पडलाय, ज्यांच्या घरून रोज फोन येतो, ती. ज्यांना पळायची सगळ्यांत जास्त गरज होती, नेमकी तीच मी वेचून खाली बसवली होती.

मॅडमनी बोट ठेवलेलं नाव त्यातल्या पहिल्याचं. वसतिगृहात त्याला सगळे कुलूप म्हणायचे. खोलीला कुलूप लावून निघाला की जिन्यावरून परत फिरायचा, ओढून बघायचा. फाटकापर्यंत जाऊन पुन्हा फिरायचा. एकदा मी त्याला विचारलं, एवढं काय ठेवलंयस आत? म्हणाला, “काही नाही मामा. पण लागलंय की नाही ते आठवतच नाही.” बाकावर माझ्या डाव्या हाताला त्याची जागा ठरलेली. तो हसायचा नाही, पण ऐकायचा असा की बोलणाऱ्याचं पोट भरावं.

त्याच्यासाठी मी एक हत्तीण काढली होती. माझ्या सर्कशीतली, गणित येणारी. बेरीज-वजाबाकी सोंडेने करायची. एक दिवस रिंगमास्तरने तिला अपूर्णांक विचारला आणि ती तंबू फाडून पळाली. ती वर्षभर पळत होती. आठवड्याला दोन सकाळी मी तिला नव्या नव्या गावात पकडायचो आणि सात वाजता सोडून द्यायचो.

मॅडम गेल्यावर मी वही पुन्हा उघडली. मला एकच रिकामा रकाना बघायचा होता. डिसेंबरातला एक शुक्रवार. त्या दिवशी मी तापाने घरी पडलो होतो, हजेरी झालीच नाही, कुणाच्याच नावापुढे काही नाही. पण त्या शुक्रवारी कुलूप धावला होता. बाकावर कुणी नाही हे बघून थोडा वेळ उभा राहिला म्हणे, आणि मग बाकीच्यांबरोबर निघाला. पुढच्या मंगळवारी तो सगळ्यांच्या आधी आला. पायात नवे बूट. मला म्हणाला, “मामा, शुक्रवारी मी पाचही मारल्या. शेवटी पोटात दुखलं. पण रात्री झोप लागली. सलग. मधे उठलोच नाही.”

एवढं लांब वाक्य तो वर्षात पहिल्यांदा बोलला होता. तो धावपट्टीकडे वळला. आणि मी काय म्हणालो? चार दिवस तापात पडून माझ्याकडे हत्तिणीचा एक फक्कड प्रसंग साठला होता, आणि ऐकायला तोच हवा होता. मी म्हणालो, “अरे, ती पुलाच्या मधोमध अडकलीय. तिला तशीच टाकून जाणार?”

तो थांबला. त्याने धावपट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर बसून बुटाच्या नाड्या सैल केल्या. पुन्हा तो कधी धावला नाही.

मे महिन्यात तिसऱ्या पेपरला चाळीस मिनिटं लिहून तो उठला आणि पर्यवेक्षकांना म्हणाला, खोलीचं कुलूप बघून येतो. ते नको नको म्हणेपर्यंत गेलासुद्धा. कुलूप लागलेलं होतं. परत आला तेव्हा नियमाप्रमाणे दार बंद. पेपर संपेपर्यंत तो बाहेर जिन्यावर बसून होता म्हणे. दुसऱ्या दिवशी वसतिगृह सोडून घरी गेला.

मॅडम येऊन गेल्या त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी नेहमीप्रमाणे अर्धं वजा करून ऐकलं. मग माझा चेहरा बघितला आणि वजा केलेलं परत जमेला धरलं असावं.

“तुम्हाला ऐकायला माणूस मिळालं की भूकसुद्धा लागत नाही,” ती म्हणाली. “पण त्या पोराला भूक होती ना?”

मी म्हटलं, समितीपुढे सांगितलं तर एकेचाळीस हॉल तिकिटं खोटी ठरतील. बाकीचे चाळीस एकवेळ निभावतील. त्यांच्या परीक्षा झाल्यात, दंड म्हणून काहीतरी करायला लावतील. पण कुलपाला दोन महिन्यांनी राहिलेल्या पेपरांना बसायचंय, त्याच हॉल तिकिटावर. ते गेलं की वर्ष गेलं. आणि नाही सांगितलं, तर मैदान गेलं. मागून येणाऱ्या सगळ्यांचं.

“मग त्याला विचारा,” ती म्हणाली. “त्याचं वर्ष आहे. तुमच्या गोष्टीतली हत्तीण नाही.”

शनिवारी मी बसने त्याच्या गावी गेलो. तीन तासांत शेजारच्या माणसाला एकही गोष्ट सांगितली नाही. त्याने आपणहून विचारलं, बरं नाही का?

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन आणि त्यावर त्याची आई. शाळेच्या गणवेशांचा ढीग पायाशी पडला होता. वडील मालट्रकवर, ते आठवड्याने यायचे होते. विद्यापीठातून आलोय म्हटल्यावर ती घाईने उठली, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि मला सर म्हणायला लागली.

“मी सर नाही, ताई. मैदानावर चुना टाकतो.”

“म्हणजे तुम्ही मामा?” तिचा चेहरा उजळला. तिला सगळं माहीत होतं. फोनवर तो दुसरं काही सांगायचा नाही, अभ्यासाचं विचारलं तर हूं म्हणायचा. पण मंगळवारी आणि शुक्रवारी न विचारता सांगायचा की आज पाच फेऱ्या झाल्या. ती नवऱ्याला सांगायची, चला, काहीतरी अंगाला लागतंय. आता तो दिवसभर आतल्या खोलीत असतो, बाहेर म्हणून पडत नाही. “तुमच्यामुळं तेवढं तरी होत होतं त्याचं,” ती म्हणाली.

मला तिथूनच परत फिरता आलं असतं. पाणी प्यायचं, चौकशी करायची, बस पकडायची. माझ्यासारख्या माणसाला हे अगदी सोपं होतं, त्या माउलीला मी आणखी दहा फेऱ्या वाढवून दिल्या असत्या. पण आतल्या दारात तो येऊन उभा राहिला होता. आणि मी आता काय सांगतो हे बघायचंय, असाच तो माझ्याकडे बघत होता.

“ताई, तो धावत नव्हता,” मी म्हणालो. “मी लिहीत होतो.”

तिला कळायला वेळ लागला. मग तिने विचारलं, “म्हणजे वर्षभर हा बसून होता?”

“हो. माझ्याशेजारी.”

“आणि तुम्ही?”

“मी बोलत होतो.”

ती पुन्हा मशीनवर बसली. पाय पट्टीवर ठेवला, पण चालवला नाही. मला वाटलं, बोलेल, चार शब्द सुनावेल. मी त्याचसाठी आलो होतो म्हणा ना. ती एवढंच म्हणाली, “मी शेजारणीला पण सांगितलं होतं.”

मग मी मुलाला सगळं सांगितलं. मॅडमचा अहवाल, अभ्यासिका, हॉल तिकीट. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. सांगताना मीच मला ओळखू येईना.

“मी पण काही बोललो नाही, मामा,” तो म्हणाला. “मलाच बरं वाटायचं बसायला. तेवढा एक तास डोक्यात काही नसायचं.”

“तसं म्हणू नकोस. त्याने मला बरं वाटेल.”

तो वळून आत गेला. आतून कपाटाचं कुलूप ओढल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. आईने खाली मान घालून धाग्याचं टोक दातांनी तोडलं. तो परत आला.

“हॉल तिकीट गेलं की पुन्हा पहिल्यापासून यावं लागेल ना? पहिल्या वर्षाला?”

“हो.”

“सकाळचं पण?”

“मैदान राहिलं तर.”

त्याने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, “माझ्याकडं बघू नकोस. तुझं तू ठरव. बाबांना मी सांगते.”

“सांगून टाका, मामा,” तो म्हणाला. “त्या हॉल तिकिटावर बसलो तर परत अर्ध्यातून उठेन.”

निघताना तिने मला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. मला ते रास्त वाटलं.

सोमवारी समितीत नऊ जण होते. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. अध्यक्ष गणिताचे. त्यांच्यासकट निम्मी माणसं विद्यार्थी असताना माझ्याकडे हजेरी देऊन गेलेली, माझ्या सावलीची गोष्ट ऐकून मोठी झालेली. मी दारातूनच म्हणालो की वही खोटी आहे. अध्यक्षांनी हसून खुर्ची मागे रेलली. “बसा मामा. सावलीने पळवली का खरी वही?”

सगळे हसले. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. मी जेवढा गंभीर होत गेलो, तेवढी त्यांना गोष्ट रंगत चालल्यासारखी वाटली. चाळीस वर्षांत मला एवढे मन लावून ऐकणारे श्रोते मिळाले नव्हते, आणि मला घाम फुटला होता. एकट्या मॅडम हसत नव्हत्या.

“मॅडम,” मी त्यांनाच म्हणालो, “जानेवारीच्या शेवटच्या चार हजेऱ्या काढा.”

त्यांनी पानं उलटली. त्या चार सकाळी एकशे एकोणनव्वद मुलांचे रकाने रिकामे होते. एकेचाळीस जणांच्या नावापुढे पाच, पाच, पाच, पाच.

“पाण्याची लाइन टाकायला धावपट्टी खणली होती तेव्हा,” मी म्हणालो. “आडवा चर. माणूस बुडेल एवढा. जी खरी धावणारी होती ती चर बघून खोलीवर परत गेली. उरली ती माझी.”

“उड्या मारून गेले असतील,” टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं. या वेळी हसलं मात्र कुणी नाही. अध्यक्षांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि चारही रकान्यांवरून बोट फिरवलं. गणिताच्या माणसाला खोटं पकडायला पाच मिनिटं लागत नाहीत. फक्त त्याला आधी हसू थांबवावं लागतं.

मॅडमनी आपला अहवाल उचलला. वर्षभराचं काम होतं ते. त्याच्या कडा त्यांनी टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि तो पिशवीत ठेवला. “हा मी मागे घेते,” त्या म्हणाल्या. “वर्षभरात मी एकदाही सहा वाजता मैदानावर गेले नाही. गेले असते तर ही बसलेली मुलं मला दिसली असती.” माझ्यावर त्या रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, तो मुलगा कसा आहे. मी म्हणालो, माहीत नाही. तेही खरंच होतं.

पुढचं पटापट सांगतो, कारण त्यात माझी मर्दुमकी काही नाही. अभ्यासिका एक वर्ष पुढे ढकलली. तोवर तास चालू ठेवायचा, मॅडमनी नव्याने मोजायचं. चाळीस जणांना सुट्टीत दहा-दहा सकाळी मैदानावर येऊन फेऱ्या पुऱ्या करायला लावल्या. कुलपाचं हॉल तिकीट रद्द झालं. हजेरी एका तरुण शिक्षकाकडे गेली. तो फाटकाशी उभा राहतो आणि कुणाशी बोलत नाही. बाक त्यांनी उचलून कार्यालयाच्या व्हरांड्यात नेऊन ठेवला. मला काढून टाकलं नाही. चुना आणि जाळ्या माझ्याकडे राहिल्या.

नव्या वर्षाची पहिली मुलं जुलैत मैदानावर आली. मी पहाटेच रेषा आखून ठेवल्या होत्या आणि सामानाच्या खोलीजवळ रिकामी बादली धूत उभा होतो. घोळक्यात तो दिसला. बाकीच्यांपेक्षा वर्षाने मोठा, खांदे पाडून, सगळ्यांच्या मागे. शिट्टी झाली आणि सगळी निघाली.

पहिली फेरी तो बरोबरच्यांत होता. दुसऱ्या फेरीला मागे पडला. तिसरीला त्याचा हात पोटावर गेला आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार दूर नव्हता. त्याचा चेहरा बघून मला काय काय सुचलं म्हणून सांगू. असं काही सुचलं होतं की ऐकून तो पोटातली कळ विसरला असता. मी बादली खाली ठेवली आणि सामानाच्या खोलीच्या मागे गेलो. तिथे भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा आहे. भिंतीकडे तोंड करून मी तिथे उभा राहिलो.

पावलं धावपट्टीवरून गवतात उतरल्याचा आवाज आला. जवळ आली. खोलीच्या पुढच्या बाजूला थांबली. त्याची धाप मला भिंतीच्या कोपऱ्यावरून ऐकू येत होती.

“मामा?” तो म्हणाला.

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. हाताचा चुना ओठांना लागला.

मग गवतातून पावलं परत वळली, हळू, चालत. धावपट्टीवर चढली. आणि थोड्या अंतरावर गेल्यावर त्यांचा आवाज बदलला.

मी पुढे येऊन बघितलं नाही.